गोठवलेले भाडे

युरोप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चित्रातली टुमदार घरे येतात. त्या घरांत राहणाऱ्यालाही महिन्याच्या एक तारखेची धास्ती असते, हे चटकन ध्यानात येत नाही. बर्लिनमध्ये शंभरातली ऐंशीहून अधिक कुटुंबे भाड्याने राहतात आणि त्यात तिथे कुणी कमीपणाही मानत नाही. पण भाडी पगारापुढे धावू लागली, तशी ओरड सुरू झाली.

फेब्रुवारी 2020 मध्ये बर्लिन राज्याने कायदा अमलात आणला. 2014 पूर्वी बांधलेल्या सुमारे 15 लाख घरांची भाडी जून 2019 च्या पातळीवर पाच वर्षांसाठी गोठवली. मुंबईकराला यात नवल वाटणार नाही. 1940 सालच्या पायावर ठरलेली भाडी आणि डागडुजीवाचून खचलेले जिने त्याने पाहिले आहेत. बर्लिनमध्ये भाडी उतरली खरी, पण भाड्याने मिळणाऱ्या घरांच्या जाहिरातीही रोडावल्या. ज्याचे बिऱ्हाड आधीच थाटलेले होते तो सुखावला, घर शोधणारा वणवण करीत राहिला.

एप्रिल 2021 मध्ये घटना न्यायालयाने तो कायदाच रद्द ठरवला. भाडे किती असावे, या वादात न्यायालय शिरले नाही. या विषयावर केंद्राने आधीच कायदा केला आहे, राज्याला तो अधिकार उरलेला नाही, एवढेच म्हटले. त्या ‘एवढ्या’चा अर्थ भाडेकरूच्या दारी असा, की वाचलेले पैसे घरमालकाला परत द्या. एका बड्या कंपनीने ते सोडून दिले, सगळ्यांनी नाही.

मला अधिक बोचते ते याआधीचे. 2004 मध्ये तिजोरीत खडखडाट होता, म्हणून बर्लिनने 65 हजारांवर घरे असलेली आपली कंपनी, तिच्यावरच्या कर्जासकट, सुमारे 40 कोटी युरोंना विकून टाकली. 2021 मध्ये त्याच शहराने जेमतेम पंधरा हजार घरे विकत घेण्यासाठी जवळजवळ 246 कोटी युरो मोजायचे ठरवले!

व्हिएन्नाने आपली घरे राखली. 1923 मध्ये तिथल्या नगरपालिकेने घरांवर कर बसवला. ज्याचा बंगला मोठा, त्याला कर चढा. त्या पैशांतून कामगारांसाठी वसाहती उठल्या. 1930 मधली कार्ल मार्क्स होफ ही तर किलोमीटरभर लांब. तेराशेहून अधिक बिऱ्हाडे, शिवाय धुलाईघर, बालवाडी, ग्रंथालय. आज पालिकेकडे सुमारे 2 लाख 20 हजार घरे आहेत. मात्र तिथे नव्याने आलेल्याला ते घर मागण्याआधी साधारणतः दोन वर्षे एकाच पत्त्यावर राहिल्याचे दाखवावे लागते, आणि ती दोन वर्षे बहुधा खाजगी मालकाच्याच दराने काढावी लागतात.