गावठी कोंबडीचा रस्सा : आच मंद, हिशेब पक्का

रेडिओवर आजवर आपण बचतीवर बोललो, कर्जाच्या हप्त्यांवर बोललो. आज चुलीवर बोलू. विषय आहे गावठी कोंबडीचा रस्सा. तुम्ही म्हणाल, यात काय सांगायचं, हे तर आम्हाला आईच्या हाताखालीच आलं. आम्हालाही तसंच वाटत होतं. म्हणून आधी आमची फजिती सांगतो.

आमच्या गटाला पहिल्यांदा 30 माणसांच्या जेवणाची ऑर्डर आली, ती जत्रेच्या दिवसांत. गावठी कोंबडी, बाजरीची भाकरी, भात, कांदा-लिंबू. आम्ही खुश. पण कोंबड्या साफ होऊन यायला उशीर झाला. पाहुणे एक वाजता येणार होते आणि साडेअकराला आम्ही पातेलं चुलीवर ठेवलं. मग लावला मोठा जाळ. रस्सा खदखदून आटला, की वरून तांब्याने गार पाणी ओतायचं. आटला, की परत ओतायचं. वरून तर्री छान लाल दिसत होती, पण मांस इतकं वातड, की म्हाताऱ्या माणसांनी फोडी ताटातच ठेवल्या. ठरलेल्या पैशातले पैसे कापले गेले. कोणाला बोलायला तोंड नव्हतं.

आमच्या गटातल्या थोरल्या आक्का त्या दिवशी कामाला नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, जाळ वाढवून कोंबडी शिजत नसती. तिला वैलावर बसवायची." वैल म्हणजे चुलीच्या बाजूचं ते छोटं तोंड. तिथं जाळ येत नाही, नुसती धग येते. आक्कांचं म्हणणं खरं का आहे, ते आता नीट समजून घेऊ. कारण कळलं की चूक परत होत नाही.

बाजारातली ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते. ती पिंजऱ्यात किंवा शेडमध्ये वाढते, फार हिंडत नाही. तिचं मांस मऊ, अर्ध्या तासात शिजतं. गावठी कोंबडी उकिरड्यावर उकरते, कुंपणावर उडते, कित्येक महिन्यांची झाल्यावर कापली जाते. तिच्या मांड्यांत आणि सांध्यांत चिवट पांढरे पडदे आणि शिरा तयार होतात. हे पडदे विरघळायला ओलसर, मंद उष्णता भरपूर वेळ लागते. विरघळले की तेच रश्शाला दाटपणा आणि चव देतात. फ्रिजमध्ये ठेवलेला रस्सा सकाळी थिजलेला दिसतो, जेवताना बोटं चिकट होतात, ते याचमुळे.

आता जाळाचं बघा. पाण्याला एकदा उकळी आली, की त्यानंतर जाळ कितीही वाढवला तरी पाणी त्याहून जास्त तापत नाही. ते फक्त लवकर आटतं आणि सरपण वाया जातं. वर मांस जोरात खदखदलं, की त्याचे धागे आकसतात आणि आतलं पाणी बाहेर पडतं. मग कडेनं कोरडं आणि मधे चिवट. आणि आम्ही गार पाणी ओतत होतो, तेव्हा दर वेळी शिजणं थांबत होतं आणि परत उकळी येण्यात वेळ जात होता. घाईनं आमचा उशीरच वाढवला.

आता कृती सांगतो. साफ केलेली एक ते सव्वा किलोची एक कोंबडी धरा. पाच-सहा माणसांना पुरते.

कोंबडी घेताना तलंग आहे की जून, ते बघा. छातीच्या हाडाचं पोटाकडचं टोक बोटानं दाबलं आणि ते वाकलं, तर कोंबडी कोवळी. कडक लागलं, तर जून. कोवळीला पाऊण ते एक तास धरा, जून असेल तर दीड ते दोन तास. ऑर्डर घेतानाच हे विचारात घ्या.

पिसं काढून, जाळावर भाजून, हळद चोळून कोंबडी धुऊन घ्या. धुताना नळाच्या धारेखाली धरू नका. कच्च्या मांसाचं पाणी उडून भांड्यांवर आणि भाजीवर पडतं आणि त्यातून पोटाचे आजार होतात. पातेल्यात हळूच धुवा. ज्या विळीवर मांस कापलं, त्याच विळीवर न धुता कोथिंबीर-कांदा चिरू नका. नंतर फोडींना मीठ, हळद आणि आलं-लसणाचं वाटण चोळून अर्धा तास ठेवा. मीठ आत मुरलं की शिजताना मांस आपलं पाणी धरून ठेवतं.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन पोह्याचे चमचे तेल तापवा. एक कांदा बारीक चिरून परता, त्यात फोडी घाला आणि मांसाचा रंग पालटेपर्यंत हलवा. पाणी घालू नका. वर खोलगट ताट झाका आणि त्या ताटात पाणी ओता. ही आपल्या आज्यांची युक्ती फार शहाणपणाची आहे. आतली वाफ वर जाते, ताटाला लागून तिचं पाणी होतं आणि परत फोडींवर पडतं. कोंबडी अंगच्या पाण्यात शिजते, खाली लागत नाही. आणि ताटातलं पाणी तापलं, की तेच आत घालायला तयार. पंधरा-वीस मिनिटांनी ते गरम पाणी आत ओता. फोडी बुडून वर बोटभर पाणी राहील इतकं लागतं. कमी पडलं तर दुसरं गरम पाणी घाला, गार नाही.

आता पातेलं वैलावर सरकवा. गॅस असेल तर आच सगळ्यात बारीक करा. पाणी उसळायला नको, कडेला बारीक बुडबुडे येत राहिले की पुरे. झाकण सारखं उघडू नका. मांस हाडापासून सुटू लागलं आणि फोड बोटात सहज तुटली, की झालं. घड्याळापेक्षा ही खूण खरी. हेच आपलं अळणी पाणी. यातलं वाटीभर लहान मुलांसाठी, बाळंतिणीसाठी बाजूला काढतात.

कोंबडी शिजते तोवर वाटण करा. तीन कांदे सालासकट निखाऱ्यात भाजा. अर्धी वाटी सुकं खोबरं, एक चमचा तीळ, अर्धा चमचा खसखस, एक चमचा धणे, तीन-चार लवंगा, सहा-सात मिरी आणि दालचिनीचा तुकडा, हे वेगवेगळं भाजा. खोबरं तांबूस झालं की लगेच उतरवा, करपलं तर सगळा रस्सा कडू होतो. दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं आणि मूठभर कोथिंबीर घालून बारीक वाटा.

दुसऱ्या भांड्यात चार चमचे तेल तापवून वाटण परता. वाटणातलं पाणी उडून कडेनं तेल सुटलं, की आच कमी करून तीन चमचे कांदा-लसूण मसाला घाला. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. म्हणून मसाला तेलात घालायचा, रश्शावर भुरभुरायचा नाही. लगेच अळणी पाणी आणि फोडी यात ओता, चव बघून मीठ घाला आणि परत वैलावर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तर्री आपोआप वर येते.

घरी रोजच्या घाईत कुकर वापरला तर काही बिघडत नाही. कुकरच्या आत दाबामुळं पाणी 100 अंशांच्या वर तापतं, म्हणून वेळ वाचतो. फक्त बारीक आचेवर शिट्ट्या होऊ द्या आणि वाफ आपोआप जिरू द्या. चूल वापरत असाल तर सरपण वाळलेलं घ्या, दार-खिडकी उघडी ठेवा. चव चुलीच्या धगीनं येते, धुरानं नाही. उरलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना चांगला उकळून घ्या. फ्रिज नसेल, तर उन्हाळ्यात रात्रभर ठेवू नका.

आता हिशेबाचं. त्या फजितीनंतर आम्ही परत ऑर्डरी घेतल्या. मांस मऊ झालं, नाव झालं. पण वर्षअखेरीला वही बघितली, तर हातात फारसं काही नव्हतं. आम्ही कोंबड्या, तेल, पीठ, सरपण सगळं लिहिलं होतं. एक गोष्ट लिहिली नव्हती, ती म्हणजे आमचा वेळ. 30 माणसांच्या जेवणाला वाटणाजवळ दोघी दोन तास, चुलीजवळ दोघी तीन तास, भाकरीला तिघी दोन तास. एकूण 16 तास. म्हणजे आठ तासांचे दोन पूर्ण रोज आम्ही फुकट देत होतो. शेतात खुरपायला गेलो तर त्याचे पैसे रोख मागतो, मग चुलीपाशी का नाही? आता आम्ही गावातल्या रोजगाराच्या दरानं हे तास ताटाच्या किमतीत धरतो. गिऱ्हाईक विचारतं, "एवढं महाग का?" आम्ही सांगतो, दोन तास मंद आचेवर शिजतं म्हणून. बहुतेकांना पटतं. ज्यांना नाही पटत, त्यांना ब्रॉयलरचं ताट स्वस्तात देतो, पण गावठी म्हणून नाही.

आणि एक घरातली गोष्ट. कोंबडी रांधून सगळ्यांना वाढल्यावर बाईच्या वाट्याला मान आणि पातेल्याला लागलेला रस्सा येतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आक्कांनी आता गटाला नियम घालून दिलाय. अळणी पाणी काढताना एक वाटी रांधणारीची, त्यात मांडीची एक फोड. वाढायच्या आधी काढायची, उरलं तर नाही. पुढच्या वेळी तुमच्या घरी कोंबडी शिजेल, तेव्हा तुम्हीही ती वाटी काढून ठेवा.