क्रॉस गेला, तरी 'ही खेप होऊ दे' म्हणू नका

मालेगावहून भिवंडीला कोऱ्या कापडाच्या गाठी नेणारी माझी पिकअप जुनी आहे. गिअर टाकताना खालून 'ठक्' असा आवाज येई. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, शाफ्टचा क्रॉस गेला." मी म्हटले, ही खेप होऊ दे. घोटीला गाडी थरथरू लागली, तेव्हा अक्कल आली. पुढे कसारा घाट. उतारावर शाफ्ट तुटला, तर इंजिन चाकांना धरून ठेवू शकत नाही. भरल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो.

घोटीच्या मिस्त्रीने खोलण्याआधी शाफ्ट व फ्लँजवर खूण केली. खूण न जुळवता बसवले, तर नवा क्रॉस घालूनही थरथर राहू शकते. कपातल्या सुया कोरड्या पडून तांबूस भुकटी झाली होती. ग्रीस वेळेवर भरले नाही, ही माझीच कंजूषी. दोन्ही टोकांचे क्रॉस बदलले. कप व्हाइसमध्ये दाबून बसवले. एक सुई आडवी पडली तरी कप पुरता जात नाही, लॉक बसत नाही.

माल एक दिवस उशिरा पोहोचला, गिऱ्हाईक कुरकुरले. निपलवाला क्रॉस मुद्दाम मागून घेतला आहे; ग्रीसगन आता गाडीतच असते.