खडाखडीतले हात

फडावर टाळ्या पडतात त्या डाव बसल्यावर. माझे डोळे मात्र त्याआधीच्या दहा-वीस सेकंदांवर खिळलेले असतात, कारण पैलवानाचं कसब खडाखडीत कळतं असं माझं ठाम मत आहे. सलामी होते, दोघे वाकून भिडतात. कपाळाला कपाळ, एक पंजा मानेवर, दुसरा मनगटाच्या शोधात. वरवर काहीच घडत नाही आणि गर्दीतून कुणीतरी ओरडतं, ‘‘अरे, धर की!’’

घडत असतं ते असं. मानेवरचा पंजा खाली दाबतो, तसा समोरचा पैलवान मान वर ताणतो. मान वर आली की त्याची छाती उघडी पडते, भार टाचांकडे सरकतो. तेवढ्या क्षणात खाली घुसून एकेरी पट काढायचा. तो पुढे रेटत असेल तर त्याचाच रेटा घ्यायचा, दंड बगलेत आवळून कंबर त्याच्या पुढ्यात फिरवायची आणि ढाक लावायची. पटाची नुसती हूल दिली तरी तो पाय मागे टाकतो, मान खाली जाते. मग वरून हप्ते भरायला वाट मिळते. कोणता डाव लागणार हे समोरच्याच्या अंगावर ठरतं. कसलेला मल्ल ते अंग आपल्याला हवं तसं वळवून घेतो. आणि पाय? ते कधी एका रेषेत येता कामा नयेत, एकमेकांना तर मुळीच ओलांडता कामा नयेत. चांगला पैलवान मातीवर पाय उचलत नाही, सरकवतो.

पुण्याजवळच्या ताथवड्यात राहणाऱ्याला कुस्त्या बघण्याचा हा नाद सहज जोपासता येतो. महामार्गालगत कॉलेजं आणि उंच इमारती उभ्या राहिल्या, तरी मुळशी, मावळ, खेडच्या गावोगावच्या यात्रांमध्ये कुस्त्यांचा फड अजून भरतो. जवळच्या एका तालमीत मी वर्षानुवर्षं जाऊन बसतो. तिथले वस्ताद पोरांना कधीकधी डाव लावायलाच बंदी करतात. नुसती खडाखडी, घाम निथळेपर्यंत. एका दणकट पोराकडे बोट दाखवून ते मला म्हणाले होते, ‘‘आप्पा, ह्याच्या हातात जोर लई हाय, पण हाताला कान न्हाईत.’’ तळव्याला समोरच्याचा भार कळला पाहिजे, असं त्यांना म्हणायचं होतं. जोर-बैठका, आखाडा उकरणं, दोरावर चढणं यातून मान, मनगट आणि दम तयार होतो. हाताची जाण मात्र रोजच्या लढतींतूनच येते, तीही वेगवेगळ्या अंगाच्या जोडीदारांबरोबर.

इतिहास थोडक्यात उरकतो. मुळशीतल्या मुठे गावचे मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने 1953 मध्ये राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली, 1961 पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. माती आणि गादी अशा दोन विभागांचे विजेते शेवटी गदेसाठी लढतात. 2017 ची गदा भूगावात, म्हणजे मुळशीतच, अभिजित कटकेने किरण भगतला हरवून जिंकली.

माझा जीव अडकतो तो हलक्या वजनाच्या मल्लांमध्ये, कारण तिथे नुसत्या अंगावर निभावत नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीत 57 किलो गटात कांस्यपदक घेऊन आले. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदारमामांच्या हाताखाली तयार झाला. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलोच्या अंतिम लढतीत त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला 15-7 असं हरवलं. पुढच्या वर्षी 61 किलोत जागतिक कांस्य. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, निष्क्रिय राहणाऱ्याला ताकीद मिळते, म्हणून तिथे खडाखडी आखडती आणि वेगवान झाली. काही जुने शौकीन म्हणतात की गादीने कुस्तीतली कला मारली. मला ते पटत नाही. तीच जाण कमी वेळात दाखवावी लागते, हे जास्त अवघड आहे.

पडण्याचंही कसब असतं आणि त्यावर फार कमी बोललं जातं. जानेवारी 2023 मध्ये कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाली. खेड तालुक्यातल्या शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला अंतिम कुस्तीत मिनिटभराच्या आत चितपट केलं. चर्चा मात्र आदल्या कुस्तीची जास्त झाली. माती विभागात महेंद्रने सिकंदर शेखला लावलेल्या बाहेरील टांगेला चार गुण मिळाले आणि अख्खा महाराष्ट्र त्यावर भांडला. उभ्यावरून थेट पाठ मातीकडे वळली तर चार; पडणाऱ्याने हवेतच अंग वळवून पोट खाली आणलं तर दोन. खांदा किती फिरला एवढ्यावर गुण हलतात, म्हणून टांग बसतेय हे कळताच कंबर आवळून अंग मुरडायची सवय लहानपणापासून लावावी लागते.

त्या आठवड्यात आमच्या तालमीतही दोन तट पडले. वस्तादांनी मोबाईल बाजूला ठेवायला लावले, दोन पोरं मातीत उतरवली आणि म्हणाले, ‘‘भांडता कशाला? टांग लावून बघा.’’ रात्री उशिरापर्यंत तीच टांग लागत होती, पडणारा प्रत्येक खेपेला वेगळा पडत होता, आणि पोरं गुण ओरडत होती.