चुकीला माफी नाही, ऑप्शन मात्र पाच!

माहीत आहे का, एका नामांकित परीक्षेत काहीही न बदलण्याचेही मार्क मिळायचे? एमबीएवाल्यांच्या जीमॅटमधला 'सेंटेन्स करेक्शन'! वाक्याचा एक भाग अधोरेखित, खाली पाच पर्याय आणि त्यातला पहिला म्हणजे मूळ मजकुराची झेरॉक्स. दरवेळी! आळशांनो, हुरळू नका. पुढे खड्डे आहेत.

"मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त आहे." यावर सदाशिव पेठही हरकत घेणार नाही. (घेतलीच तर कारण वेगळं असेल!) पण हेच शब्दशः इंग्रजीत लिहा, की जीमॅटवाल्यांची लाल खूण. लोकसंख्येची तुलना लोकसंख्येशी हवी. तुम्ही आकडा थेट शहराशी भिडवलात. लॉजिक, बॉस!

त्याहून धमाल 'डँगलिंग मॉडिफायर'. "शाळेत जाताना पावसानं गाठलं," असं आपण बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजीत 'वॉकिंग टू स्कूल, द रेन सोक्ड मी' लिहिलंत, तर परीक्षक विचारणार: पाऊस कितवीत आहे?

स्पीडचे शौकीन? अमेरिकेतल्या एसीटी या कॉलेजप्रवेश परीक्षेच्या इंग्रजी विभागात कित्येक वर्षं ७५ प्रश्न आणि ४५ मिनिटं असा हिशेब होता. प्रश्नामागे ३६ सेकंद! त्यात एका प्रश्नाला ए, बी, सी, डी, तर पुढच्याला एफ, जी, एच आणि... जे. मधल्या 'आय'ला चक्क डच्चू. आयला!

आता ब्रेकिंग न्यूज! ऑक्टोबर २००२, तिथल्याच सॅट या प्रवेशपरीक्षेची रंगीत तालीम असलेली पीसॅट. नोबेलविजेत्या टोनी मॉरिसन यांच्या प्रतिभेबद्दल एक वाक्य, त्यातली चूक शोधायची. अधिकृत उत्तर: 'नो एरर'. मेरीलँडमधले एक शिक्षक म्हणाले, थांबा! वाक्यात 'मॉरिसन यांची प्रतिभा' आहे, खुद्द मॉरिसनबाई कुठे आहेत? मग पुढचं 'हर' हे सर्वनाम कुणासाठी? पत्रापत्री जुंपली. आधी परीक्षकांची नकारघंटा, मग तज्ज्ञांचा सल्ला, आणि २००३मध्ये तो प्रश्नच रद्द! मार्कांची फेरमोजणीसुद्धा झाली. गंमत म्हणजे सर्वनामानं षष्ठीतल्या नामाकडे बोट दाखवू नये, हा गुरुजींचा जुना नियम मुळात खरा आहे, हेच अनेक भाषातज्ज्ञांना मान्य नाही. मला विचाराल तर वाक्य फर्स्ट क्लास होतं. गुरुजी जिंकले, बिचारं वाक्य हरलं.

बरं, व्याकरण म्हटलं की 'रेन अँड मार्टिन' आलंच. पण माहीत आहे का, यातले पी. सी. रेन फ्रेंच फॉरिन लीजनच्या थरारकथा लिहायचे? ब्रिटिश काळात इथल्या शिक्षणखात्यात नोकरी केलेला हा माणूस. त्यांची १९२४ची 'बो जेस्ट' इतकी गाजली, की १९२६ आणि १९३९मध्ये तिच्यावर हॉलिवूडपट निघाले. क्रियापदांमागे वाळवंटातल्या बंदुका!

आणि तो जीमॅटचा पाच पर्यायांचा खेळ? नोव्हेंबर २०२३मध्ये नवं 'फोकस' रूप आलं आणि सेंटेन्स करेक्शनची विकेट पडली. नवा स्कोअर २०५ ते ८०५, प्रत्येक आकड्याच्या शेपटीला ५. म्हणजे पैकीच्या पैकी ८०० नव्हे, ८०५. वर पाच रुपये शगुन!

आपल्याकडे मात्र सैन्यातल्या अधिकारीभरतीच्या सीडीएस परीक्षेच्या पेपरात 'स्पॉटिंग एरर्स' ठणठणीत. वाक्याचे तीन तुकडे आणि चौथा पर्याय 'नो एरर'. सगळ्यांत जास्त घाम फोडतो तोच.