शुगरवाल्यांचा गोतावळा

मधुमेह हा डॉक्टरांच्या सल्ल्याने, पण रुग्णाच्याच हातून चालणारा आजार आहे. मोडलेले हाड जुळेपर्यंत प्लास्टरमध्ये ठेवता येते आणि नंतर तो विषय संपतो. मधुमेहात मात्र जेवण, झोप, शेतातले काम, उपवास, लग्नाच्या पंगती आणि रात्रपाळ्या या सर्वांचा मेळ रक्तातील साखरेच्या आकड्याशी घालावा लागतो, आणि तोही जन्मभर. नांदेडलगतच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नांदेडबरोबरच शेजारच्या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातूनही रुग्ण येतात. किनवट-माहूरकडच्या माणसाला त्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटर यावे लागते, केसपेपर काढून रांगेत थांबावे लागते, आणि एवढे करून डॉक्टरांसमोर जी मोजकी मिनिटे मिळतात त्यांत गोळ्यांची मात्रा ठरते, तपासण्या लिहून दिल्या जातात आणि पुढची तारीख मिळते. एकादशीला साबुदाण्याऐवजी काय खावे, सालगड्याने दुपारच्या उन्हात गोळी केव्हा घ्यावी, लेकीच्या सासरी सुईची गोष्ट कशी आणि कोणी काढावी, हे प्रश्न तेथे विचारलेच जात नाहीत, कारण मागे रांग असते आणि ते प्रश्न वैद्यकीय आहेत असे रुग्णालाच वाटत नसते.

हे न विचारलेले प्रश्न गेल्या दहा-बारा वर्षांत मोबाइलवर येऊन पडले आहेत. सप्टेंबर २०१६ पासून इंटरनेट एकदम स्वस्त झाले, व्हॉट्सॲप खेड्यापाड्यांत पोहोचले, आणि एकाच आजाराची माणसे एकमेकांना न भेटताही ओळखू लागली. ज्याला टंकन जमत नाही तो बोलून निरोप पाठवतो. देगलूर-धर्माबादकडच्या माणसाच्या अशा निरोपात मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच वाक्यात नांदतात, आणि ऐकणाऱ्याला ते बिनबोभाट समजते.

मधुमेहींनी एकमेकांना धरून राहण्याची कल्पना मात्र इंटरनेटहून पुष्कळ जुनी आहे. स्वादुपिंडात तयार होणारे आणि रक्तातील साखर पेशींत पोहोचवणारे इन्सुलिन हे संप्रेरक १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे वेगळे काढण्यात आले, आणि पुढच्याच वर्षी ते प्रथम एका रुग्णाला टोचण्यात आले. त्यामुळे जे रुग्ण पूर्वी काही महिन्यांत दगावत ते जगू लागले. परंतु जगायचे कसे, हा नवा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. लिस्बनमध्ये १९२६ साली गरीब मधुमेहींसाठी संस्था निघाली. लंडनमध्ये १९३४ साली डॉ. आर. डी. लॉरेन्स आणि कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी मधुमेहींची संघटना स्थापन केली. हे दोघेही स्वतः मधुमेही होते, म्हणजे त्या संघटनेच्या मुळाशी डॉक्टर आणि रुग्ण हा भेदच नव्हता, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबईत डॉ. एस. एस. आजगावकर यांच्या पुढाकाराने डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया १९५५ साली सुरू झाली. या संस्थांची शिबिरे आणि पत्रके जे काम महिन्या-दोन महिन्यांनी करीत, ते आता रोज आणि रात्रीही होते. फरक मुख्यतः एवढाच आहे.

पुढच्या विवेचनासाठी दोन प्रकारांतला भेद स्पष्ट असणे आवश्यक आहे. टाइप-२ हा बहुसंख्यांचा मधुमेह होय. त्यात शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि कालांतराने इन्सुलिनही कमी पडू लागते. टाइप-१ मध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच हल्ला करते. तो बहुधा लहान वयात उद्भवतो, आणि इन्सुलिन टोचून घेणे हाच त्यात जगण्याचा एकमेव मार्ग असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अर्थसाह्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटी ६० लाख असल्याचे सांगितले. या प्रचंड संख्येत टाइप-१ची मुले मूठभर, आणि म्हणून गावात एकटी, असतात.

टाइप-२ मधुमेहींच्या ऑनलाइन सोबतीचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण लातूरशी जोडलेले आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्राचे, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या शाखेचे, अध्यापन केलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा आधार घेऊन एक आहारपद्धती मांडली. प्रत्येक खाण्यानिशी शरीर इन्सुलिन सोडते, म्हणून कडक भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखाव्यात, फक्त त्या दोन वेळांनाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे, मधल्या काळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा यांवर भागवावे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असे तिचे सूत्र आहे. ‘दीक्षित डाएट’ या नावाने ही पद्धत घरोघरी गेली, आणि २०१८च्या सुमारास दिवसातून दोनदा जेवावे की दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, या वादात दीक्षितांचे अनुयायी एका बाजूला आणि आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे दुसऱ्या बाजूला असे मराठी मध्यमवर्गाचे दोन तट पडले.

येथे मुद्दा या पद्धतीच्या बरेवाईटपणाचा नाही, तर ती पसरली कशी याचा आहे. ती व्याख्यानांतून पसरली, यूट्यूबवरून पसरली. पण टिकली ती व्हॉट्सॲपच्या गटांत. त्या काळी एका गटात २५६ पेक्षा अधिक माणसे मावत नसत, त्यामुळे गटामागून गट निघत गेले. सुरुवात करण्यापूर्वी उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि एचबीएवनसी या दोन तपासण्या कराव्यात, असा तेथे आग्रह असतो. तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांतल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते; त्या चिकटलेल्या साखरेचे प्रमाण म्हणजे एचबीएवनसी, आणि त्यावरून मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड टाळून हा आकडा फसवता येत नाही. गटाला तोंडी बढाईऐवजी प्रयोगशाळेचा कागद मागण्याची सवय लागली, ही या चळवळीची सर्वांत मोठी मिळकत मानावी लागेल. शेजारच्या माणसाचा आकडा तीन महिन्यांत उतरलेला दिसला की चालायला जाण्याचा कंटाळा जातो. डॉक्टरांनी दहा वेळा सांगून जे होत नाही, ते अनोळखी सोबत्याच्या एका रिपोर्टने होते, असा अनुभव अनेक जण सांगतात.

तरीही त्या यशोगाथा वाचताना एक गोष्ट विसरू नये. ज्याची साखर उतरते तो रिपोर्ट टाकतो, अभिनंदनाचे अंगठे आणि फुले मिळवतो. ज्याची उतरत नाही तो हळूहळू गप्प होतो आणि एक दिवस गट सोडून जातो. गटात राहणाऱ्याला मग सगळ्यांचीच साखर उतरते आहे असे वाटू लागते. शिवाय काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने औषधाची मात्रा न बदलता जेवण वगळले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, आणि मात्रा बदलणे हे डॉक्टरांचेच काम आहे. टाइप-१ मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनी ही पद्धत अवलंबू नये, असे तिचे प्रवर्तकही सांगतात. पण पुढे पाठवलेल्या निरोपातून नेमकी हीच ओळ गळते.

सोबत्यांच्या आधाराने आजारावर प्रत्यक्ष किती परिणाम होतो, याची शिस्तशीर तपासणी केरळात झाली आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील ६० मतदान केंद्रांच्या परिसरांतून मधुमेहाचा धोका असलेल्या १,००७ व्यक्ती निवडून निम्म्या परिसरांत गावातल्याच प्रशिक्षित सोबत्यांनी चालवलेले गट नेमण्यात आले. दोन वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह नव्याने जडण्याच्या प्रमाणात ठामपणे सांगता येईल असा फरक आढळला नाही. मात्र आहार आणि व्यसने यांसारख्या काही बाबतींत सुधारणा दिसली. मैत्रीला औषध म्हणून विकणाऱ्यांनी आणि मैत्रीला गप्पाटप्पा म्हणून झटकणाऱ्यांनी, दोघांनीही हा निष्कर्ष डोळ्यांपुढे ठेवावा.

टाइप-१ मध्ये सोबतीचे मोल वेगळ्याच जातीचे असते, कारण तेथे चुकीची किंमत काही तासांत मोजावी लागते. रात्री अडीच वाजता झोपलेल्या मुलाच्या अंगाला दरदरून घाम सुटतो, आई बोट टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब घेते आणि ग्लुकोमीटर ५८ दाखवतो. सत्तरच्या खाली साखर उतरणे म्हणजे हायपो, आणि त्यावर लगेच उपाय करावा लागतो, हे तिला रुग्णालयात सांगितलेले असते. पण त्या क्षणी हात कापत असतात. अशा वेळी गटात टाकलेल्या दोन शब्दांना दुसऱ्या जिल्ह्यातली, स्वतःच्या मुलाची साखर बघायला उठलेली आई उत्तर देते: तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचा, आकडा वर आला की थोडे काही खायला द्या, मूल शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. या उत्तरात नवे ज्ञान काहीच नाही. ज्या माणसाने हेच काल रात्री केले आहे त्याच्याकडून ते आले, म्हणून हातांचा कंप थांबतो.

मराठवाड्यात टाइप-१च्या मुलांना एकत्र आणण्याचे काम छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था करीत आली आहे. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टने नव्वदच्या दशकापासून गरीब घरांतील मुलांना इन्सुलिन पुरवले. पुण्यातून, लहानपणापासून टाइप-१ असलेल्या नूपुर लालवाणी यांनी ब्लू सर्कल डायबेटिस फाउंडेशन उभे केले, आणि त्याचा भर प्रथमपासून मधुमेहींनी मधुमेहींना ऑनलाइन आधार देण्यावर राहिला. परदेशांतील अशाच ऑनलाइन गोतावळ्याने २०१३ साली, व्हॅलेंटाइन दिनाला डझनभर गुलाबांऐवजी अकराच घ्यावेत आणि बाराव्याचे पैसे गरीब देशांतील मुलांच्या इन्सुलिनसाठी द्यावेत, अशी मोहीम सुरू केली. त्याच सुमारास अमेरिकेतील काही पालकांनी मुलाच्या अंगावरील, सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे दूरच्या फोनवर पाहता यावेत यासाठी स्वतःच संगणकप्रणाली लिहून ती सर्वांना मोफत खुली केली. कंपन्या यथावकाश तेथे पोहोचल्या.

धोके येथेही आहेत, आणि ते अधिक जीवघेणे आहेत. ‘मधुमेह मुळासकट बरा’ करणाऱ्या काढ्यांच्या जाहिराती टाइप-२च्या माणसाच्या फार तर खिशाला चाट लावतील असे मानले, तरी टाइप-१च्या मुलाचे इन्सुलिन त्या नादी लागून बंद झाले तर रक्तात आम्ल साचते आणि काही दिवसांत, कधी काही तासांतही, मूल अत्यवस्थ होते. म्हणून दोन्ही प्रकारच्या रुग्णांना एकाच गटात ठेवणे सोयीचे वाटले तरी शहाणपणाचे नाही. दुसऱ्याच्या इन्सुलिनची मात्रा कोणी सांगायची नाही, हा नियम ज्या गटात कडकपणे पाळला जातो आणि जेथे एखादा डॉक्टर किंवा प्रशिक्षित मधुमेह-शिक्षक वाचत असतो, तो गट विश्वासाचा मानता येईल. गोपनीयतेचा प्रश्नही लहान नाही. लग्नाच्या वयाच्या मुलीचे नाव, गाव आणि आजार एकत्र कोठे तरी फिरू लागला तर स्थळे परत जातात, ही भीती या भागात खरी आहे. त्यामुळे अनेक मुली नाव बदलून किंवा आईच्या क्रमांकावरून बोलतात, आणि गटप्रमुखाने त्याबद्दल खोदून विचारू नये हे उत्तम.

या गटांतून जे एक काम होऊ शकते, ते एरवी कोणी केले असते असे वाटत नाही, आणि ते आहे इथल्या ताटाचा हिशेब. टाइप-१मध्ये जेवणातील कर्बोदके, म्हणजे पचनानंतर साखर होणारा भाग, मोजून त्याप्रमाणे इन्सुलिन घेण्यास शिकवले जाते. पण त्यासाठीची कोष्टके पाव, पास्ता आणि फार तर पोळीची असतात. ज्वारीने शुगर वाढत नाही, अशी मराठवाड्यात पक्की समजूत आहे, तर १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदके असतात. ती गव्हाच्या पिठातल्याहून फारशी कमी नाहीत. शिवाय इकडची भाकरी एका घरी तळहाताएवढी तर दुसऱ्या घरी परातीएवढी. अशा वेळी आई पिठाचा गोळा स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तोलते, मुलाने भाकरी वरणाबरोबर खाल्ली की ठेच्याबरोबर ते लिहिते, दोन तासांनी बोट टोचते आणि आकडा गटात टाकते. धपाटे, हुलग्याचे शेंगोळे, वेळा अमावास्येची भज्जी आणि आंबील, पुरणपोळी यांच्या अशा नोंदी हळूहळू जमा होत जातात. एकाच मापाच्या भाकरीने दोन मुलांचे आकडे वेगवेगळे येतात तेव्हा वाद होतो, कोणी पीठ ताजे की शिळे असे विचारतो, कोणी मूल त्या दिवशी किती खेळले होते ते विचारतो, आणि नोंदीपुढे आणखी एक रकाना वाढतो.