पाऱ्याचा पुन्हा दगड

स्पेनमधल्या अल्मादेन गावाने सुमारे दोन हजार वर्षे हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे खनिज, खणला. माणसाने आजवर काढलेल्या एकूण पाऱ्यापैकी जवळपास एक तृतीयांश या एका गावचा. सोळाव्या शतकापासून तो स्पॅनिश अमेरिकेतल्या चांदीच्या खाणींकडे जाई, आणि अल्मादेनच्या भुयारांत गुलाम व शिक्षा झालेले कैदी राबत. आता खाण बंद आहे, २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिचे सर्वांत मोलाचे काम मात्र मला या शेवटच्या पर्वात दिसते: जमिनीतून काढलेल्या पाऱ्याचा पुन्हा दगड करणे.

पारा मूलद्रव्य असल्याने तो जाळून नष्ट होत नाही. त्याचे रूप तेवढे बदलता येते. द्रव पाऱ्याची साध्या तापमानालाही वाफ होते. पाण्यात पोचलेल्या पाऱ्यापासून जिवाणू मिथाइल पारा बनवतात आणि तो माशांमधून माणसापर्यंत येतो. माशांतून होणारी ही विषबाधा जपानमधल्या मिनामाटाने जगाला दाखवली. अल्मादेनची सरकारी खाणकंपनी आणि स्पेनच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेतले धातुतज्ज्ञ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत पारा आधी गंधकाशी संयोग पावून काळा सल्फाइड होतो. आपल्या वैद्यांची कज्जली रसायनाच्या दृष्टीने याच जातीची. मग तो वितळलेल्या गंधकात वाळू-खडीसह मिसळून ठोकळे ओततात. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमाने हाच विचार कायद्यात आणला. टाकाऊ पारा कायमचा गाडण्याआधी त्याचे रासायनिक रूप बदललेच पाहिजे, आणि जमिनीवरच्या जागेत ठेवायचा तर तो घट्टही केला पाहिजे.

एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप येतो. व्यापारात पारा साडेचौतीस किलोच्या लोखंडी बाटल्यांतून शतकानुशतके फिरला. तसाच कुलूपबंद ठेवावा, खर्च कमी. अमेरिकेने साधारण हीच वाट धरली. २००८ च्या कायद्याने १ जानेवारी २०१३ पासून पाऱ्याची निर्यात थांबवली आणि साठवणुकीची जबाबदारी ऊर्जा खात्यावर टाकली. खात्याची मुदत हुकली, आणि सोन्याचे खनिज भाजताना निघणारा पारा नेवाडाच्या खाणींकडेच साठत राहिला. बाटलीतला पारा स्वस्त खरा, पण पहारा कायमचा लागतो. शिवाय भाव चढला की तो पुन्हा बाजारात जाण्याचा मोह उरतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सल्फाइडही पूर्ण निर्धोक नाही: गंधक बेसुमार पडला आणि परिसर अल्कधर्मी असला तर तो विरघळू लागतो. वजनही सुमारे एक षष्ठांशाने वाढते. म्हणून प्रमाण अचूक हवे, जागा कोरडी हवी. जर्मनीतल्या खोल मिठाच्या खाणी याच कारणाने निवडल्या गेल्या. अल्मादेनच्या भट्ट्यांतून उरलेल्या राखेच्या व दगडमातीच्या ढिगाला मात्र सल्फाइड करण्याचा हा उपाय लागू पडत नाही. तिथे पारा लाखो टनांत पातळ विखुरलेला आहे, वेगळा काढणे परवडणारे नाही. तो ढीग अभेद्य थरांखाली झाकून, वर माती घालून झाडे लावली आहेत, आणि त्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर लक्ष ठेवावे लागणार आहे. त्या देखरेखीचा खर्च खाणीच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरायला हवा होता. आज नवी खाण उघडणाऱ्या कोणालाही परवान्याआधीच ती रक्कम बाजूला काढायला लावावी.