बॅटरी एका गावी, मोटर दुसऱ्या गावी

मैदानावर एक सरळ रेषा आखा. एका विद्यार्थ्याचे डोळे बांधून त्याला रेषेवरून चालायला सांगा. दुसऱ्याने ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ असे सांगत राहायचे. मात्र दर वेळी सांगण्यापूर्वी मनात तीनपर्यंत अंक मोजायचे. चालणारा नागमोडी जाऊ लागतो. सूचना खोटी नसते, फक्त शिळी असते.

विजेवर चालणाऱ्या गाडीच्या भागांची चाचणी घेताना हीच अडचण येते. समजा, बॅटरी एका प्रयोगशाळेत आहे आणि मोटर दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत. अवजड सामान हलवण्याऐवजी दोन्ही ठिकाणे संगणकाच्या जाळ्याने जोडली तर? बॅटरीचे व्होल्टेज मोटरकडे कळवायचे, तिथे एक वीजपुरवठा यंत्र तेवढेच व्होल्टेज निर्माण करील. मोटरने घेतलेला प्रवाह बॅटरीकडे कळवायचा, तिथे एक कृत्रिम भार तेवढाच प्रवाह ओढील. वीज गावाबाहेर जात नाही, आकडे तेवढे जातात.

२००६ च्या सुमारास अमेरिकेतील लष्करी संशोधकांनी असाच एक प्रयोग केला. चालक मिशिगन राज्यातील वॉरन येथे हलत्या सिम्युलेटरवर, आणि इंजिन व बॅटरी दोन्ही असलेली शक्तियंत्रणा कॅलिफोर्नियात! अंतर ३००० किलोमीटरहून अधिक. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे निरोप जाऊन उत्तर येण्यास निदान ३० मिलिसेकंद लागणारच. वाटेतल्या यंत्रांचा वेळ वेगळा, आणि तो दर वेळी सारखा नसतो.

हा वेळ फार आहे का? ते कशासाठी विचारता, यावर ठरते. १००० किलोग्रॅमच्या गाडीवर २००० न्यूटन बल लावले, तर ३० मिलिसेकंदांत तिचा वेग सेकंदाला ६ सेंटिमीटर एवढाच बदलतो. चिंता नको. पण मोटरच्या ०.२ मिलिहेन्रीच्या गुंडाळीवर २०० व्होल्ट जास्तीचे लागले, तर प्रवाह एकाच मिलिसेकंदात १००० अँपिअरने वाढू पाहतो. म्हणून मोटरच्या प्रवाहाचे नियंत्रण मोटरशेजारीच हवे. ते दूर नेता येत नाही.

बॅटरीचे काय? तिच्या टोकांमधले व्होल्टेज म्हणजे मूळ व्होल्टेज वजा प्रवाह गुणिले अंतर्गत रोध. रोध ०.१ ओहम असेल आणि प्रवाह एकदम २०० अँपिअर झाला, तर व्होल्टेज तत्क्षणी २० ने उतरते. निरोपातून हे व्होल्टेज कळवले, तर ते कायम शिळेच पोचणार. पण मूळ व्होल्टेज आणि अंतर्गत रोध या दोन राशी संथ आहेत. बॅटरी रिकामी होत जाते, तापते, तशा त्या बदलतात. मग मोटरजवळच्या संगणकात वरचे समीकरण ठेवावे, आणि दुरून फक्त या दोन राशींच्या दुरुस्त्या पाठवाव्यात. झाले बॅटरीचे प्रतिमान! बारावीत कंटाळवाणे वाटणारे विद्युतघटाचे गणित इथे कामाला येते.

अर्थात खरी बॅटरी एवढी साधी नसते. मोठा भार काढल्यावर तिचे व्होल्टेज काही अंशी लगेच सावरते, उरलेले मिनिटामिनिटाने वर येते. त्यासाठी प्रतिमानात रोध व धारित्र यांची एखादी जोडी घालावी लागते. आणि जोडणी मध्येच तुटली, तर दोन्ही टोकांनी आपापला प्रवाह स्वतःहून शून्यावर आणण्याची सोय हवीच.

मैदानावरच्या खेळातही हे करून पाहा. सांगणाऱ्याने ‘मित्र आत्ता कुठे आहे’ याऐवजी ‘तीन अंकांनंतर तो कुठे असेल’ याचा अंदाज बांधून सूचना द्यावी. वळणे कमी होतात.

मात्र एक प्रश्न आम्हाला नेहमी छळतो : चाचणी बॅटरीची झाली की आपल्याच समीकरणाची? यासाठी दोन्ही टोकांना ऊर्जेचा हिशेब ठेवावा. प्रतिमान ३१० व्होल्ट दाखवते आणि खरी बॅटरी ३००. प्रवाह १०० अँपिअर. फरक १००० वॅटचा. दहा मिनिटांत ६ लाख ज्यूल मोटरला मिळाले, पण बॅटरीने ते दिलेच नाहीत. हा हिशेब न जोडलेला अहवाल कितीही देखणा असला, तरी आम्ही तो अपुराच मानतो.